कंत्राटी सफाई कामगारांच्या वस्तीत संघटना काढताना: युनियन, हक्कांचं काम आणि तरुण मुलं

आधी तुमचा प्रश्न मला कसा समजला ते सांगते. वस्तीतली बरीच घरं नगरपालिकेच्या कंत्राटी सफाईवर चालतात. कुणी घंटागाडीवर, कुणी रस्त्यावर झाडूला, काही जण गटारावर. पगार सांगितलेल्यापेक्षा कमी आणि उशिरा मिळतो. फंड कापला जातो, भरला जातो का ते कुणालाच माहीत नाही. गावात भाड्याने खोली बघायला गेलं की आधी आडनाव विचारतात. शिकलेली मुलं एकतर रिकामी आहेत किंवा डिलिव्हरीच्या गाड्या पळवतायत. तुम्ही पाच-सहा जण जयंती मंडळातले, अभ्यासिका चालवता, आणि आता पगार, जात आणि तरुणांचं भवितव्य या तिन्हींवर काम करणारी एकच संघटना तुम्हाला काढायची आहे. ती संस्था म्हणून नोंदवावी की युनियन म्हणून, हे तुम्ही विचारलंय. आणि जाता जाता लिहिलंय, की घरची मोठी माणसं म्हणतात, "तुमच्या नादाने आमची हजेरी बंद होईल."

मला तुमचा खरा प्रश्न त्या शेवटच्या वाक्यात दिसतो. नोंदणीकडे नंतर येते.

मी पुणे परिसरात सफाई आणि कचऱ्याच्या कामातल्या बायकांबरोबर बरीच वर्षं काम करते आहे. अशा वस्त्यांत एक गोष्ट नेहमी दिसते. उत्साह मुलांकडे असतो आणि जोखीम आईबापांच्या डोक्यावर. तुम्ही आयुक्तांना निवेदन दिलंत, मुकादमाचा व्हिडिओ टाकलात, तर तुमचं काही जात नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला हजेरीत नाव घेतलं जात नाही ते तुमच्या आईचं. कंत्राटी माणसाला काढताना नोटीस, चौकशी, पत्र असलं काही होत नाही. "उद्यापासून दुसऱ्या बीटवर जा", आणि त्या बीटवर गेलं की "इथे जागा नाही". कागदावर काहीच घडलेलं नसतं. म्हणून मोठी माणसं घाबरट आहेत असं मनात आणू नका, ती तुमच्यापेक्षा जास्त माहिती असलेली आहेत.

यातून मी एक नियम पाळते, तुम्हीही पाळावा. जोखीम ज्याची, निर्णय त्याचा. पगार, हजेरी, मुकादम, संप, तक्रार या बाबतीत मत फक्त कामावर असलेल्यांचं. मुलांनी लिहायचं, वाचून दाखवायचं, हिशेब काढायचा, कचेरीत सोबत जायचं, पण तक्रार आज द्यायची की महिनाभर थांबायचं हे त्यांनी ठरवायचं नाही. हे पहिल्याच बैठकीत मोठ्याने बोलून टाका. बऱ्याच घरांतला विरोध तिथेच अर्धा होतो.

आता तिन्ही विषय एकत्र घ्यावेत का? घ्यावेत, आणि आपल्याकडे ही काही नवी टूम नाही. नारायण मेघाजी लोखंडे सत्यशोधक चळवळीतले. 1884 साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि 10 जून 1890 पासून रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्या प्रयत्नांतून. पुढे त्याच गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकामाच्या खात्यात घेत नसत, कारण धागा ओढताना तोंड लागतं आणि त्याचा विटाळ होतो म्हणे. पगार जास्त होता तो नेमका त्या खात्यात. कामगार संघटना यावर फारसं बोलत नव्हत्या, डॉ. आंबेडकर बोलले. फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आणि पुण्यात हमाल पंचायत बांधणाऱ्या बाबा आढावांनीच 'एक गाव एक पाणवठा' हाती घेतलं. पाठीवरचं ओझं आणि पाणवठ्यावरची बंदी ही एकाच माणसाची दुखणी होती, हे त्या मंडळींना पटवून द्यावं लागलं नाही.

तुमच्या वस्तीतही सफाईचं काम, त्या कामाला कोण जातं, त्याचा पगार इतका कमी का, आणि त्या घरातल्या मुलाला इंटरव्ह्यूमध्ये पत्ता सांगताना अवघड का वाटतं, हा एकच धागा आहे. अडचण निराळीच आहे. दाद मागायची ठिकाणं मात्र वेगवेगळी. पगाराला कामगार आयुक्त कार्यालय, फंडाला भविष्य निधी कार्यालय, जातीच्या छळाला पोलिस आणि समाजकल्याण, शिष्यवृत्तीला पुन्हा समाजकल्याण आणि शाळा, जातीच्या दाखल्याला प्रांत. प्रत्येक ठिकाणची भाषा वेगळी, मुदत वेगळी, शिक्का वेगळा. त्यामुळे मन एक ठेवा, पण टेबलं वेगळी करा. एकाच निवेदनात पगार, अत्याचार आणि अभ्यासिकेला जागा असं लिहिलंत तर तो कागद तिन्ही ठिकाणी "आमच्या अखत्यारीत नाही" म्हणून परत येईल.

नोंदणी. इथे बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे, म्हणून सरसकट उत्तर देत नाही. युनियनसाठी अर्ज सात जण करू शकतात, पण त्या आस्थापनेतल्या किमान दहा टक्के किंवा शंभर कामगारांचं सदस्यत्व लागतं, जे कमी असेल ते. पदाधिकाऱ्यांत बाहेरच्या माणसांना मर्यादा असते, म्हणजे तुम्ही मुलांनीच अध्यक्ष-सचिव-खजिनदार व्हायचं हे चालणार नाही, आणि चालू नयेच. 21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्राच्या चारही श्रम संहिता, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले नवे कायदे, लागू झाल्या आहेत, 1926 चा ट्रेड युनियन कायदा त्यात सामावला गेला आहे. नियम आणि फॉर्म बदलत्या काळात आहेत, तेव्हा जुना फॉर्म नेटवरून काढून भरू नका. जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात जाऊन सध्या कुठला चालतो ते विचारा.

संस्था म्हणजे 1860 च्या कायद्याखाली सोसायटी आणि 1950 च्या कायद्याखाली सार्वजनिक न्यास. तिला देणगी घेणं सोपं, अभ्यासिकेला जागा मागणं सोपं. पण ठेकेदाराशी पगाराचा करार करायला ती उपयोगाची नाही. मी पाहिलेल्या गटांत सगळ्यात जास्त भांडणं लागली ती एकाच संस्थेत दोन्ही कोंबल्यामुळे. देणगीदार म्हणतो मोर्चा नको, कामगार म्हणतात आमची वर्गणी शिबिरावर का खर्च केली.

पुण्यातलं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीचं उदाहरण यासाठी बघण्यासारखं आहे. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या बायकांपर्यंत पोचल्या, आणि 1993 साली संघटना झाली ती सरळ युनियन म्हणून. पहिल्या मोठ्या मागण्यांतली एक होती ओळखपत्राची. त्यावर महापालिकेची मोहर आल्यावर रस्त्यावर पोलिसाने अडवलं तर दाखवायला काहीतरी आलं. ही मागणी कामगार हक्काची म्हणायची की नागरी हक्काची, सांगता येणार नाही. मुलांच्या शिष्यवृत्तीसाठीही युनियन भांडली. पण दारोदारचा कचरा गोळा करण्याचं काम प्रत्यक्ष चालवायची वेळ आली तेव्हा 2008 मध्ये 'स्वच्छ' ही वेगळी सहकारी संस्था उभी राहिली. युनियन युनियनच राहिली.

म्हणून माझा कल असा आहे. अभ्यासिका आणि मुलांचं काम तुमच्या मंडळाच्या किंवा छोट्या संस्थेच्या नावावर राहू द्या. कामगारांची बैठक वेगळी सुरू करा, नोंदणीशिवाय. सदस्य पुरेसे झाले आणि त्यांनीच मागणी केली की युनियन नोंदवा. दोन वह्या, दोन पावती पुस्तकं, दोन बँक खाती. आणि त्याआधी हे तपासा की शहरात कायम कामगारांची युनियन आहे का आणि ती कंत्राटींना सदस्य करून घेते का. बऱ्याच घेत नाहीत, पण न विचारता तिसरं दुकान उघडलंत तर प्रशासनाला आयतं कोलीत मिळतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि हे पूर्णपणे तुमच्या मुलांचं आहे. नोंद.

मुंबईत महापालिकेच्या कचरा उचलण्याच्या कामावरचे कामगार वर्षानुवर्षं संस्थांच्या नावाने दिलेल्या ठेक्यांवर होते, आणि कागदावर त्यांना चक्क 'स्वयंसेवक' म्हटलं जायचं. कामगारच नाहीत म्हटल्यावर कायदा कशाला लागू होतोय. कचरा वाहतूक श्रमिक संघ त्यावर लढला आणि एप्रिल 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयात 2,700 कामगारांना कायम करण्याचा निकाल कायम राहिला. एवढं जिंकल्यावरही काही कामगार अडकले, कारण यादीतलं नाव आणि आधारवरचं नाव जुळेना. एका कागदावर नुसतं नाव, दुसऱ्यावर बापाचं नाव आडनावाच्या जागी, तिसऱ्यावर भलतीच वेलांटी. निकाल हातात आणि माणूस बाहेर.

तेव्हा एक जाड वही घ्या, कॉम्प्युटर नंतर. दर घरी दोघं जा, त्यात एक मुलगी असू द्या, कारण झाडूवरच्या बायका तिच्याशीच मोकळं बोलतील. प्रत्येक कामगाराचं नाव आधारवर आहे तसं, बँकेत आहे तसं, आणि हजेरीपत्रकात आहे तसं, असं तीन वेळा लिहा. कामाला कधी लागले, कुठल्या बीटवर, मुकादम कोण, आजवर किती ठेकेदार बदलले आणि त्यांची नावं काय. फंडाचा यूएएन नंबर, म्हणजे ठेकेदार बदलला तरी तोच राहणारा नंबर, आणि ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा नंबर. यूएएनला जोडलेला मोबाइल कुणाचा आहे ते नक्की बघा. कितीतरी ठिकाणी तो ठेकेदाराच्या ऑफिसातल्या पोराचा निघतो, म्हणून ओटीपी त्याच्याकडे जातो आणि पासबुक आपल्याला कधी दिसत नाही. एटीएम कार्ड कुणाकडे असतं तेही विचारा. पगार बँकेत जमा दाखवायचा आणि कार्ड मुकादमाच्या खिशात, हा प्रकार तुम्हाला वाटतो तेवढा दुर्मीळ नाही. विचारताना मात्र चारचौघांत विचारू नका.

रोजच्या हजेरीची नोंद कामगाराने स्वतः ठेवायची सवय लावा. साधं कॅलेंडर पुरतं, आलो त्या दिवशी टिक, खाडा असेल तर फुली, गाडीचा नंबर. वेळेला अशा कॅलेंडरलाही किंमत येते, कारण ठेकेदाराचं मस्टर बहुतेकदा महिनाअखेरीस एका बैठकीत भरलेलं असतं. आणि कृपा करून आधार-पासबुकांचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. वही एकाच घरात, दोघांच्या माहितीत.

वही भरली की हिशेब आपोआप दिसतो. राज्यात किमान वेतनावरचा विशेष भत्ता 1 जानेवारी आणि 1 जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो. तो तक्ता आणि प्रत्यक्ष हातात पडलेली रक्कम शेजारी शेजारी लिहा. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत व्हायला हवा. ईएसआयसाठी कामगाराच्या पगारातून 0.75 टक्के कापतात आणि मालकाने 3.25 टक्के घालायचे असतात. फंडाला दोघांचे 12-12. मालकाचा हिस्साही कामगाराच्याच पगारातून कापलेला मी पाहिला आहे, आणि स्लिपवर तो इतक्या बारीक अक्षरात असतो की बाईला कळायचं कारणच नाही. दहावी पास मुलगी हे पकडू शकते. तरुणांचं सक्षमीकरण म्हणतात ना, माझ्या लेखी ते इथून सुरू होतं. व्यक्तिमत्त्व विकासाची दोन दिवसांची शिबिरं करायची तर करा, माझी हरकत नाही, पण आईची पगार स्लिप वाचता येणं त्याच्या आधी.

पालिकेने ठेकेदाराला किती दर दिला, वर्क ऑर्डरमध्ये काय लिहिलंय, फंडाची चलनं जोडली का, हे माहिती अधिकारात मागता येतं. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एका अर्जात एकच विषय, मजकूर 150 शब्दांत, उत्तराची मुदत 30 दिवस. अर्ज कुणाच्या नावाने करायचा याचा मात्र विचार करा. अर्जदाराचं नाव संध्याकाळपर्यंत ठेकेदाराला कळतं, असं धरून चाला. ज्याच्या घरातलं कुणीच त्या ठेक्यावर नाही अशाने करावा, एखाद्या ओळखीच्या वकिलाने किंवा दुसऱ्या शहरातल्या मित्राने केला तर उत्तमच. ठेकेदाराने पगार बुडवला तर देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे इथे पालिकेवर येते. पण कंत्राटी कामगारांच्या तरतुदींना संख्येची अट असते, पूर्वी केंद्रीय कायद्यात 20 होती, आता संहितेत 50 आहे. म्हणून एकाच ठेक्याचे तुकडे कुणाच्या नावावर केलेत हे वर्क ऑर्डरमध्ये बघायला विसरू नका.

जातीच्या प्रश्नावर मला दोन गोष्टी वेगळ्या करायच्या आहेत. गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणं, यात थांबणं नाही, मतदान नाही, जोखमीचा विचार नाही. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने साधनांशिवाय तसं उतरवणं गुन्हा आहे. मृत्यू झाल्यास 30 लाख भरपाई द्यावी असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये सांगितलं, आधी ती 10 लाख होती. पण भरपाईचा आकडा पाठ करून उपयोग नाही, "उतरणार नाही" हे आधी सगळ्यांनी मिळून ठरवलेलं असलं पाहिजे. एकटा माणूस नाही म्हणू शकत नाही, कारण त्याच्या मागे पाचशे रुपयांवर उतरणारा दुसरा उभा केलेला असतो.

जातिवाचक शिवीगाळ, अपमान, मारहाण यात ॲट्रॉसिटीचा कायदा आहे, आणि गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही हे 2018 च्या दुरुस्तीने स्पष्ट केलं आहे. तरी मी सल्ला देताना आधी विचारते, साक्षीदार कोण, आणि तो सहा महिन्यांनी टिकेल का. साक्षीदार त्याच मुकादमाखाली काम करत असेल तर केस कागदावरच राहण्याची शक्यता मोठी. म्हणून तर म्हणते, पगाराची एकजूट आधी झाली तर जातीच्या केसमधला साक्षीदार टिकतो. भाड्याच्या खोलीबद्दल खरं सांगायचं तर तिथे सिद्ध करणं फार अवघड आहे. घरमालक "खोली कालच दिली" म्हणतो आणि विषय संपतो. त्यावर शक्ती घालवू नका, निदान सुरुवातीला.

तुमच्या वस्तीत एक तिढा असणार, जो तुम्ही लिहिलेला नाही. काही घरं कायम कामगारांची असतील. सफाई कामगारांसाठी नेमलेल्या लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे त्यांच्या वारसाला सफाईची नोकरी मिळते. कंत्राटी घरातल्या मुलाला ती वाट नाही. म्हणजे एकाच गल्लीत एक मुलगा बापाचा झाडू घ्यायचा की नाही यावर घरात भांडतोय, आणि शेजारचा म्हणतो, मला मिळाला असता तर मी डोळे झाकून घेतला असता. या दोघांना एका सतरंजीवर बसवल्याशिवाय तुमची युवक आघाडी म्हणजे नुसती डीजेची वर्गणी. पिढ्यान्‌पिढ्या त्याच कामात राहणं वाईट, हे भाषण कायम घरातल्या मुलाला द्यायला आपल्याला हक्क नाही. त्याच्यासमोर दुसरी नोकरी ठेवली तरच द्यावं.

त्यासाठी अगदी रुक्ष काम आहे, जातीचे दाखले. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात, विमुक्त-भटक्यांसाठी तारीख 21 नोव्हेंबर 1961. मराठवाड्यातून दुष्काळात आलेल्या घरांकडे तो कुठून असणार? आजोबांच्या शाळेचा दाखला, गावच्या कोतवाल बुकातली जन्माची नोंद, चुलत घरातल्या कुणाचा वैध दाखला, असं शोधायला गावी जावं लागतं. सुट्टीत मुलांनी आपापल्या गावचं हे काम वाटून घ्यावं. एका घराचा दाखला निघाला की भावकीतल्या पाच घरांची वाट सोपी होते.

मुलींबद्दल. तुमची अभ्यासिका रात्री चालते असं लिहिलंय. म्हणजे ती मुलांची आहे. दुपारी दोन ते पाच उघडी ठेवा, किल्ली एका मुलीकडे द्या, काय बदलतं बघा. अठरा वर्षांखालच्या कुणालाही मोर्चाच्या पुढच्या रांगेत किंवा तक्रारीवर सहीला उभं करू नका, कितीही हुशार असलं तरी.

पैशांचं सोपं आहे. कामगारांकडून दरमहा थोडीशी वर्गणी, पावतीसकट. जयंतीला नगरसेवकाचा मांडव चालतो, कामगारांच्या बैठकीला त्याचा चहासुद्धा नको. पावती पुस्तक सांभाळणं तुमच्या मंडळाला येतंच, बहुतेक नव्या संघटनांना तेवढंही येत नसतं.

शेवटी एक माहिती तुमच्या प्रश्नात नव्हती आणि तिच्यावर वेळापत्रक ठरेल. सध्याचं टेंडर कधी संपतंय? ठेका बदलताना जुने कामगार गाळले जातात, आणि बोलणारे सगळ्यात आधी. निविदा निघायच्या आधी "असलेले कामगार कायम ठेवावेत" ही अट निविदेत घालून घेता आली तर सगळ्यात स्वस्तात मोठं काम होतं. निविदा निघाल्यावर तेच कोर्टाचं काम होऊन बसतं. मुदतीला वर्ष असेल तर निवांत वही भरा. तीन-चार महिनेच असतील तर वही, बैठका सगळं गुंडाळून आधी त्या अटीच्या मागे लागा, आणि निवेदनावर सह्या घेताना नावं गोल वर्तुळात घ्या, म्हणजे पहिली सही कुणाची ते कळत नाही.